पार्किंगमधली वकिलात

भाऊ शिवलकर निवृत्त होऊन मांडवीला राहायला आले, आणि महिन्याभरात त्यांनी आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या घरांना एकेक भेट दिली. आळी हादरली. आमच्याकडे माणूस दुसऱ्याच्या पडवीत येतो तो लग्नाची पत्रिका घेऊन, नाहीतर हद्दीच्या गडग्यावरून भांडायला. भाऊंच्या हातात पत्रिका नव्हती आणि तोंडात भांडण नव्हतं. यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची तब्येत विचारायचे, एखाद्या वस्तूचं कौतुक करायचे आणि बरोबर अकराव्या मिनिटाला उठायचे. मी घड्याळ लावून मोजलंय. दहा नाही, बारा नाही.

कोपऱ्यावरच्या नाना टेलरनी तर त्यांना बसूसुद्धा दिलं नाही. दारातच सांगितलं, "भाऊ, आमची जमीन विकायची नाही हां. आधीच सांगून ठेवतो."

"उत्तम," भाऊ म्हणाले. "अजिबात विकू नका. आईचा दमा कसा आहे?"

आणि गेले. त्यानंतर आठ दिवस नाना शिवणयंत्र बंद ठेवून सातबारा वाचत होते. आपल्या जमिनीत असं काय आहे, जे याला दिसलं नि आपल्याला दिसलं नाही?

भाऊ 'वकिलातीत होते' एवढंच सगळ्यांना माहीत होतं. परदेशात, आखातात, आपल्या देशाच्या वकिलातीत बावीस वर्षं. तिथे काय होते, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही, कारण भाऊंचं बोलणंच तसं. "आम्ही तेव्हा त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांना जरा सबुरीनं घ्यायला सांगितलं." "दोन्ही देशांचे संबंध तेव्हा ताणले होते, पण आम्ही ते सांभाळले." अंगात पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, वाटेत शेळी आडवी आली तरी तिला आधी वाट देणार. आळीनं त्यांना पहिल्या वर्षी हेडक्लार्क केलं, दुसऱ्या वर्षी सचिव आणि तिसऱ्या गणपतीत राजदूत. भाऊंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझा स्वतःचा अंदाज होता की ते गुप्तहेर असावेत. माणूस मंगळवारी सकाळी बंदराच्या कचेरीत जातो, बुधवारी एसटीच्या डेपोत, गुरुवारी विजेच्या कचेरीत, आणि कुठेच काही काम सांगत नाही, मग तो दुसरा कोण असणार?

विजेच्या कचेरीची गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस कळेल. निदान मला कळला नाही हे तरी कळेल.

तिथल्या एका वायरमनच्या आईला मोतीबिंदू होता. दोन वर्षं भाऊ दर गुरुवारी जाऊन त्या बाईंच्या डोळ्यांची चौकशी करत. शस्त्रक्रिया झाली तेव्हा नारळ घेऊन गेले. मग ते चक्रीवादळ आलं. वारा असा की पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पावस गावातल्या माडांचे नारळ आमच्या अंगणात पडले. त्यातला एक मी स्वतः फोडून खाल्ला, गोड होता. विजेचे खांब आडवे झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वायरमन शिडी खांद्यावर घेऊन सगळं शहर सोडून थेट आमच्या आळीत हजर! आळीच्या डोळ्यांत पाणी. बायका ओवाळायला निघाल्या. आणि भाऊ पायरीवर उभे राहून त्याला म्हणाले, "अरे बाबा, इकडे कुठे आलास? आधी दवाखान्याच्या बाजूला जा. आमचं सावकाश."

तो गेला. आमची वीज आणखी पाच दिवसांनी आली. आळीनं त्या पाच दिवसांत भाऊंना जे जे म्हटलं ते छापायला कागद मिळणार नाही. नाना तर त्यांच्या फाटकाशी जाऊन ओरडले, "दोन वर्षं त्या म्हातारीचे डोळे तपासलेत ते कशाला मग?"

"तिला दिसायला लागावं म्हणून," भाऊ म्हणाले.

नाना तसेच परत फिरले.

आता सुलभाची गोष्ट. भाऊंच्या मागच्या घरात सुलभा राहायची. तिचा नवरा प्रकाश मालवाहू जहाजावर ऑइलर, म्हणजे इंजिनाच्या पोटात शिरून तेलपाणी बघणारा. मांडवीला जहाजावरचा माणूस घरटी एक असतो, त्यात नवल नाही. पण प्रकाशच्या जहाजाचा मालकच गायब झाला. कंपनीचा फोन बंद, कचेरीला कुलूप. परक्या मुलखाच्या बंदराबाहेर नांगर टाकून जहाज उभं, आणि त्यावर प्रकाश धरून अकरा माणसं. पासपोर्ट एजंटाकडे. जहाज सोडून उतरायचं तर बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि राखणीला बदली माणसं आल्याशिवाय ते परवानगी देत नाहीत. बदली माणसं पाठवायची मालकानं, आणि मालक नाही! सात महिने झाले होते. प्रकाश फोनवर सांगायचा, डेकवर ऊन इतकं की भाकरी तव्याशिवाय भाजेल. हे मी वाढवून सांगत नाही; हे त्याचंच वाक्य, आणि तो हसत नव्हता.

सुलभानं सगळे दरवाजे ठोठावले. पुढारी झाले, पत्रं झाली, एका बाबांचा अंगारा झाला. शेवटी एका सकाळी ती मला घेऊन भाऊंकडे गेली, एकटीला धीर होईना म्हणून. आणि धाडकन म्हणाली, "भाऊ, तुम्ही राजदूत होतात ना? एक फोन करा नि माझा माणूस सोडवा."

भाऊ खुर्चीच्या कडेवर बसले होते. आपल्या घरातही ते कडेवरच बसत.

"सुलभा," ते म्हणाले, "मी राजदूत नव्हतो गो. मी राजदूतांची गाडी चालवायचो."

माझा गुप्तहेर गेला, आळीचा राजदूत गेला, आणि समोर पांढऱ्या शर्टातला एक ड्रायव्हर उरला. सुलभाचा चेहरा बघवेना.

"मग ते 'आम्ही संबंध सांभाळले' नि ते?" मी विचारलं.

"सांभाळलेच की," भाऊ म्हणाले, जराही न वरमता. "तुम्हाला वकिलात म्हणजे काय वाटते? झेंडा, बंगला, समारंभ. समारंभाला आत साहेब लोक सरबताचा पेला धरून तासभर उभे. बाहेर पार्किंगमध्ये आम्ही ड्रायव्हर चार तास. आत ज्या दोन देशांचे साहेब एकमेकांकडे पाठ करून उभे, त्यांचे ड्रायव्हर बाहेर एका डब्यात जेवत असतात. कोणाचा साहेब कशावर चिडलाय, कोणाची बायको आजारी आहे, कोण बदलून जाणार, सगळं बॉनेटवर ठेवलेलं असतं."

मग त्यांनी एक किस्सा सांगितला. दोन देशांचे राजदूत वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. एका समारंभानंतर एकाच्या गाडीची बॅटरी उतरली. शेजारी उभी गाडी नेमकी दुसऱ्याची. त्या ड्रायव्हरनं वायर जोडून दिली, आणि तेवढी वीस मिनिटं दोन्ही साहेबांना उन्हात एकाच खजुराच्या सावलीत उभं राहावं लागलं. आधी हवेवर बोलले, मग गाड्यांवर, मग नातवंडांवर. महिन्याभरात दोन्ही देशांची बोलणी पुन्हा सुरू झाली.

"बॅटरी उतरवली कुणी?" मी विचारलं.

"उतरली होती," भाऊ म्हणाले. "उतरवली, असं मी कुठं म्हटलं?"

सुलभाला यातलं काही नको होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "मग माझ्या माणसाचं काय?"

नशीब असं, की प्रकाशचं जहाज ज्या देशाच्या बंदरात अडकलं होतं, तिथेच भाऊंची बावीस वर्षं गेली होती. देशाचं नाव मी लिहीत नाही. भाऊंनी बजावलंय: तक्रारीत देशाचं नाव एकदाही घ्यायचं नाही, कौतुकात दोनदा घ्यायचं.

पहिल्यांदा त्यांनी तिथल्या आपल्या वकिलातीला पत्र लिहिलं. सुलभानं लिहून आणलेल्या कच्च्या मसुद्यात 'झोपा काढता काय' असं होतं. ते त्यांनी खोडलं. तिकडून एका तरुण अधिकाऱ्याचं उत्तर आलं. तो पोरगा तर आधीपासूनच राबत होता. जहाजावर पाणी, तांदूळ, औषधं त्यानंच पोचवली होती, परवानगीचा अर्ज बंदराच्या कचेरीत दिला होता. फाईल तिथे पडून होती. का पडून, हे कुणालाच माहीत नव्हतं. फाईल नुसती पडून होती.

मग भाऊंनी सालेमला फोन लावला. सालेम म्हणजे त्या देशाच्या परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याचा ड्रायव्हर, भाऊंचा पार्किंगमधला सोबती. भाऊंचं अरबी हॉर्नसारखं होतं, एकाच सुरात आणि जोरात. अडलं की हिंदी. सुलभा नि मी श्वास रोखून बसलो. भाऊंनी सालेमच्या गुडघ्यांची चौकशी केली. नातवांची केली. सालेमच्या मेव्हण्याच्या उंटिणीची केली. मग 'बरंय' म्हणून फोन ठेवला.

"प्रकाशचं बोललातच नाही!" सुलभा उठून उभीच राहिली.

"आज नाही."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन. पुन्हा गुडघे. तिसऱ्या शुक्रवारी उंटीण व्यायली होती, तर त्याबद्दल अभिनंदन. सुलभाचा तोल गेला. "भाऊ, माझा नवरा तिथे उन्हात करपतोय नि तुम्ही उंटिणीचं बाळंतपण काढताय! तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

भाऊंचा चेहरा पडला. एवढा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. हळूच म्हणाले, "सुलभा, मी सहा वर्षं त्याला फोन केला नव्हता. गावी आलो नि विसरलो. आता सहा वर्षांनी काम घेऊन कसा उभा राहू? थोडं भरून काढू दे."

तेव्हा मला एवढंच कळलं की हा माणूस घाबरलाय. सगळ्या कचेऱ्यांमध्ये चकरा मारणारा, आणि जिथे खरी गरज पडली तिथेच जायचा राहिलेला.

चौथ्या शुक्रवारी भाऊ नेहमीसारखं बोलायला लागले आणि मध्येच थांबले. पलीकडून सालेम काहीतरी विचारत होता. मग त्यांनी सांगितलं. जहाज, अकरा माणसं, फाईल, सगळं.

"काय विचारलंन त्यानं?" सुलभानं फोन ठेवल्यावर विचारलं.

"विचारलं, आवाजाला काय झालंय तुझ्या?"

सालेम म्हणाला होता, बघतो. त्यावर आळीनं दहा दिवस वाट पाहिली, आणि अकराव्या दिवशी आळीचा संयम संपला. नानांच्या पुढाकारानं निषेध मोर्चा ठरला. मांडवीच्या जेटीवर, त्या देशाच्या सरकारचा पुतळा जाळून, मोबाइलवर चित्रण करून जगभर सोडायचं! भाऊ धावत आले. पाय दुखतात म्हणणारा माणूस असा धावला की चपला फाटकाशी राहिल्या.

"मेल्यांनो, तो जाळू नका! सालेमचं तोंड बंद होईल. त्या वकिलातीतल्या पोराचं बंद होईल. जळका पुतळा बघून कोण फाईल उचलेल?"

"मग काय त्यांची आरती ओवाळायची?" नाना म्हणाले.

भाऊ म्हणाले, "होय."

पुढच्या आठवड्यात त्या देशाचा राष्ट्रीय दिवस होता. भाऊंचं म्हणणं, मोर्चा करायचाच तर त्या दिवशी करा, आणि शुभेच्छांचा करा. आळी तासभर भांडली. शेवटी सुलभा म्हणाली, "माझ्या माणसासाठी आहे ना? मग भाऊ सांगतात तसं."

झेंडा शिवायचं काम नानांकडे आलं. चार रंग: लाल, हिरवा, पांढरा, काळा. भाऊंनी कागदावर काढून दिलं होतं. नानांकडे लाल कापड भजनी मंडळाच्या पताकांचं उरलेलं, काळं जुन्या छत्र्यांचं. काळं भरपूर, हिरवं कमी. नाना हा व्यवहारी माणूस. कापड वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पट्ट्यांची जागा जराशी बदलली. चारही रंग आहेत ना, मग झालं!

राष्ट्रीय दिवसाच्या सकाळी जेटीवर दोनशे माणसं, ढोल, आणि मधोमध झेंडा धरून सुलभा. समोर मोबाइल. भाऊ मागून आले, झेंडा पाहिला आणि जागच्या जागी पांढरे झाले. त्यांच्या शर्टात नि त्यांच्यात फरक उरला नाही. त्या मुलखात कितीतरी देशांच्या झेंड्यांत तेच चार रंग. पट्ट्या हलल्या की देश बदलतो. नानांनी शेजारच्या देशाचा झेंडा शिवला होता. ज्याच्याशी यांचा विस्तवही जात नव्हता, नेमका तोच!

भाऊंनी काय केलं असेल? ते झेंड्यापुढे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून. सुलभा बोलायला लागली होती. "आमची माणसं तुमच्या बंदरात आहेत. तुम्ही त्यांना सांभाळता त्याबद्दल आम्ही आभारी आहोत..." बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. राग होता की दुःख, तिलाही सांगता आलं नसतं. आणि चित्रणात मागून नानांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो: "भाऊ, बाजूला व्हा! झेंडा दिसत नाहीये! एवढा मरमर शिवलाय!" भाऊ उजवीकडे, नाना त्यांना डावीकडे ओढताहेत, ढोलवाल्याला वाटलं नाच सुरू झाला, त्यानं ठेका धरला. मधे उभी राहून सुलभा रडत रडत आभार मानतेय.

ते चित्रण कुणीतरी उत्साहात भाऊंच्याच फोनवरून सालेमला पाठवलं. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सालेमनं फोन केला. स्वतःहून, पहिल्यांदाच. इतका हसत होता की मला बाहेर गडग्यापर्यंत ऐकू आलं. माझी आवृत्ती अशी, की त्यानं ते चित्रण साहेबाला दाखवलं, साहेबानं त्याच्या साहेबाला, तिथून ते मंत्र्यापर्यंत गेलं, आणि चुकीचा झेंडा बघून अख्खं खातं खुर्चीवरून खाली पडलं. मग कुणीतरी विचारलं, ही बाई रडतेय कशाला? मग फाईल शोधली गेली. ही माझी आवृत्ती. भाऊंनी ती कधी मान्य केली नाही.

तीन आठवड्यांनी परवानगी आली, जहाजाची राखण बंदरानं आपल्या माणसांकडे दिली, आणि अकराच्या अकरा सुटले. कुणामुळे, हे विचाराल तर माझी मती आजही गुंग होते. वकिलातीतला तो तरुण अधिकारी म्हणाला, हुकूम चित्रणाच्या आधीच निघाला होता, फक्त सही राहिली होती. एका पुढाऱ्यानं आपल्या पत्रामुळे म्हणून फलक लावला. बाबांच्या माणसांनी अंगाऱ्याचं श्रेय घेतलं. नाना आजही सांगतात, झेंडा माझा. मी भाऊंना विचारलं, "खरं काय?"

"संबंध सुधारले की कोणी सुधारले ते कळत नाही," ते म्हणाले. "कळायला लागलं की समज, परत बिघडायला लागले."

प्रकाश आला. हाडांवर कातडं ताणून शिवावं तसा. महिनाभर नुसता झोपला. सुलभा सांगायची, झोपेत पण सावलीकडे सरकतो. पण सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या जहाजावर चढला, कारण त्याला येतं तेच. या वेळी मालक कोण, एजंट कोण, सगळं भाऊंनी दोनदा तपासलं. तो निघाला त्याच आठवड्यात सालेम गेल्याची बातमी आली. त्याच्या मुलानं भाऊंना कळवलं. झोपेतच गेला म्हणे.

त्या संध्याकाळी मी भाऊंकडे गेलो. सामान बांधलेलं होतं. त्यांची मुलगी त्यांना कायमचं नागपूरला न्यायला येणार होती. फोन टेबलावर. सुलभा दारात उभी.

"सालेमच्या घरी फोन लावतोय," भाऊ म्हणाले. "मुलाशी बोलेन मी नंतर. पण त्याच्या बायकोशी मी काय बोलू? ती माझ्याशी कधी बोललेली नाही. सुलभा बोलेल."

"मी?" सुलभा म्हणाली. "मला त्यांची भाषा कुठे येते?"

"तिला तरी तुझी कुठे येते?"

त्यांनी फोन लावला, मुलाशी दोन शब्द बोलले, मग फोन सुलभाच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर गेले. मीही गेलो. आत सुलभा बोलायला लागली. मराठीत. "मी प्रकाशची बायको हो, तो जहाजावरचा..." मग पलीकडून काहीतरी. मग बराच वेळ दोघींचं एकदमच. मग सुलभाचा आवाज चिरला.

"काय बोलतायत?" मी कुजबुजलो.

फाटकाजवळ घराकडे पाठ करून भाऊ उभे होते, हात मागे बांधलेले, इस्त्रीचा शर्ट, आणि समोर रिकामा रस्ता. घाई अजिबात नव्हती. आतलं बोलणं कितीही वेळ चालो, त्यांनी थांबायची तयारी ठेवली होती.